कपाळावरचा गेरू

प्रिय आई,

काल तुझ्या नावावर मी खोटं बोलले. ते तुझ्याशिवाय सांगू कुणाला? अकोल्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात बसून लिहितेय. आत बाबांचा डोळा तपासणं चालू आहे.

बाबांना नागीण झाली गं! उजव्या कपाळावर, थेट पापणीपर्यंत. व्हिडिओ कॉलवर कपाळ लाल दिसलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "देवळातला गंध आहे थो." गंध कसला, नागिणीवर लावायचीस तो तुझा गेरू! तुझ्याच वाटीत कालवून लावलेला. शेजारच्या काकूंनी कळवलं, तेव्हा अमरावतीहून हिवरखेड गाठलं.

मी प्रयोगशाळेत दिवसभर काय बघते, माहीत आहे? नागिणीचाच विषाणू माणसाच्या पेशीत शिरला की त्या विषाणूची कोणती जनुकं कधी जागी होतात, ते. सगळी एकदम उठत नाहीत. आधी मोजकी उठतात आणि पेशीचा ताबा घेतात. मग विषाणूच्या नकला काढणारी. कवच बनवणारी सगळ्यात शेवटी. कवच चढलं की नवे विषाणू शेजारच्या पेशीत! नागिणीवर डॉक्टर देतात ती गोळी नकला काढणं थांबवते; जिथे कवचं चढून झाली, तिथे ती काय करणार? म्हणून ती लवकर हवी. आणि बाबा गेरू वाळायची वाट बघत बसले होते!

तुझ्या हाताला गुण आहे, असं अख्खं गाव म्हणायचं. तुला कधी बोलले नाही, पण अंगावरची नागीण बहुतेक वेळा आपोआपच बसते. तू मनापासून करायचीस, येणाऱ्याला चहा पाजायचीस. पण डोळ्याचं काय, आई? पापणीवर नागीण घेऊन तुझ्याकडे कुणी आलंच नव्हतं का?

बाबा काही केल्या ऐकेनात. "तुह्या मायच्या हातानं गाव बरं झालं. तुलेच भरोसा नाही?"

तुला जाऊन वर्षही झालं नाही. गेरूनं काही होत नसतं, हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?

बोलून गेले, "बाबा, आईनंच सांगतलं होतं मले. डोळ्याजवळ असली तं गेरू नाही, डॉक्टरकडे जा लागते."

ते उठले, कपाळ धुतलं, गाडीत बसले. अर्ध्या वाटेत हळूच म्हणाले, "मंग तिनं मले काहून नाही सांगतलं?"

गोळ्या कालच सुरू झाल्या. उशीर झाला का, ते आज कळेल. मोबाइलवरचा तुझा फोटो ते रोज सकाळी बघतात. आज बघितला नाही. रुसलेत तुझ्यावर.

डोळा वाचो न वाचो, घरी गेल्यावर मी त्यांना सगळं खरं सांगेन. रागावले तर माझ्यावर रागावू देत. तू त्यांच्यापासून काही लपवलं नव्हतंस, हे त्यांना कळायलाच हवं.

दार उघडलं. जाते.

तुझी,
वैशू