अकराव्या ओळीतला नांगा

१४ जानेवारी १९६८

पोहोचलो एकदाचा. बोट दोन तास उशिरा लागली, वर चढताना खेचर दोनदा अडून बसलं, तरी आज मन प्रसन्न आहे. एकसष्टाव्या वर्षी माणसाला लागतं तरी काय? छप्पर गळत नाही, बिछाना कोरडा आहे आणि द्राक्षवेलींच्या छाटणीचं काम हातातलं आहे. भूकंपात घर पडल्यापासून अकरा वर्षं अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरात मुलीच्या दोन खोल्यांत काढली. पोपी प्रेमाने करते, पण दिवसभर खुर्चीत बसून माणूस जास्त थकतो. सांतोरिनी माझंच बेट, पण या टोकाला मला कोणी ओळखत नाही, तेही बरंच आहे.

मालकीण आर्गिरोबाई साठीच्या, कमी बोलणाऱ्या. दारातच त्यांनी फावाच्या घट्ट डाळीची वाटी हातात दिली, वर केपरच्या चार खारवलेल्या कळ्या. त्यांचा नवरा याकोवोस नोव्हेंबरात मळ्यातच गेला, काम करता करता. त्याची आतली खोली मला मिळाली आहे. त्याचे बूटही. माझे पाय लहान, बूट सहसा मिळत नाहीत, पण हे अगदी बेताचे बसले. भिंतीवर लग्नाचा फोटो आहे. त्यातला नवरा चांगला उंच दिसतो. एवढ्या माणसाचे पाय इतके लहान कसे, असं क्षणभर वाटून गेलं.

मार्चमध्ये पोपीला दुसरं होईल. थोरल्याला जावयाच्या वडिलांचं नाव दिलं. आता मुलगा झाला तर माझं, झानिस. बाप्तिस्म्याला समोर उभं राहून ते नाव ऐकायचं, एवढीच इच्छा राहिली आहे. तसा शब्द देऊनच घरातून निघालो.

१६ जानेवारी

कामाला लागलो. जुने वेल आहेत, काही माझ्या आजोबांच्या वयाचे. वाऱ्यापासून घड वाचावेत म्हणून आम्ही काड्या गोल विणून जमिनीवर टोपल्या करतो, तशा इथेही आहेत. विणीवरून हात ओळखता येतो. माणूस कसबी होता, पण सगळी वीण उलट्या दिशेला. याकोवोस डावखुरा असणार.

त्याच्या चाकूनेही तेच सांगितलं. धार उलट्या बाजूने काढलेली, ते लक्षात न घेता पहिल्याच काडीवर जोर दिला आणि उजव्या अंगठ्यात हाडापर्यंत घुसला. बाईंनी राकीची दारू ओतून पट्टी बांधली. काही दिवस डाव्या हाताने काम करा, म्हणाल्या. सांगणं सोपं आहे.

२३ जानेवारी

मळ्यात एकच नांगा, म्हणजे वेलाची रिकामी जागा, आहे, अकराव्या ओळीत. तिथला वेल शरद ऋतूत वाळला, आणि याकोवोसही तिथेच पडला होता. मी म्हटलं, नवीन रोप आणून लावू. बाई म्हणाल्या, इथे बाहेरचं रोप जगत नाही, दाबकलमच करा.

केलं. शेजारच्या वेलाची लांब काडी वाकवली, कोपरभर खोल चरात निजवली, शेंडा दोन डोळ्यांसकट नांग्याच्या जागी वर काढला. आता आईवेल तिला पाजत राहील. हळूहळू नव्याला मुळं फुटतील आणि तिसऱ्या वर्षी मधली जोडकाडी तोडायची. त्याआधी तोडली तर चार दिवसांत मरतो. हे मी पोरवयापासून पाहत आलो आहे.

चर खणताना जुन्या जोडकाडीचं तोडलेलं टोक सापडलं. म्हणजे हा नांगा आधी एकदा भरलेला आहे. एकाच जागी वेल दोनदा मरावा, हे मी कुठे पाहिलेलं नाही. माती ओढताना अंगठ्याची पट्टी सुटून चरात पडली, रक्ताने भिजलेली. वाकायचा कंटाळा आला, तशीच पुरली.

११ फेब्रुवारी

छाटणी संपत आली. थकवा हाडांत उतरला आहे. संध्याकाळी जेवता जेवता डोळे मिटतात. डावा हात मात्र असा बसला आहे की अंगठा बरा होऊनही चाकू उजव्यात घ्यावासा वाटत नाही. टोपल्याही उलट्या विणल्या जातात. दुसऱ्याच्या विणीत वीण मिळवायची तर तसंच करावं लागतं.

रविवारी सिदेरिसच्या कॉफीच्या दुकानात गेलो. त्याने न विचारता बिनसाखरेची आणून ठेवली. मी गोड पितो. म्हणाला, "या खुर्चीत बसणारा कडूच पितो, उस्ताद. सवय करून घ्या." सगळे हसले. मीही हसलो, आणि प्यालो.

२० मार्च

वेल रडू लागले. छाटलेल्या प्रत्येक टोकातून पाणी ठिबकतं आहे, सकाळी माती ओली असते. अकराव्या ओळीतला नवा मात्र कोरडा, आणि कोंब सगळ्यांच्या आधी.

पोपीचं पत्र आलं. मुलगा! १८ ऑगस्टला बाप्तिस्मा, बाबा आलेच पाहिजेत. हंगाम ऐन भरात असेल, पण आर्गिरोबाईंना सांगून ठेवलं, चार दिवस जाईन. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. आनंद व्हायला हवा तसा झाला की नाही, सांगता येत नाही. फार दमलो आहे. उत्तर लिहायला दोन दिवस गेले.

२८ एप्रिल

पोपीने विचारलं आहे, पत्र कोणाकडून लिहून घेतलंत? अक्षर तुमचं नाही.

खरंच आहे. ही वही चाळली. मार्चपासून अक्षर डावीकडे कललेलं आहे. लेखणी मी केव्हा त्या हातात घेतली?

आणखी एक. काल बाईंनी वेलांवर गंधक भुरभुरायची चाळण मागितली. मी उठून टाक्यामागच्या कोनाड्यातून काढून दिली. तो कोनाडा मला कोणी दाखवलेला नव्हता. बाईंना नवल वाटलं नाही.

२ जून

फुलोरा संपला. बाजरीएवढे मणी धरलेत.

सिदेरिसला सरळ विचारलं, फोटोतला माणूस कोण? म्हणाला, याकोवोस. मी म्हटलं, मग या बुटांचा माणूस कोण? म्हणाला, तोही याकोवोस. ग्लास पुसत राहिला. मग हळू आवाजात सांगितलं. फोटोतला लढाईच्या वर्षांत गेला, त्याच ओळीत. सेहेचाळीस साली मिलोस बेटावरून एक बुटका छाटणीवाला कामाला आला, उजव्या हाताचा. त्याला दुसरं काही नाव होतं.

मी विचारलं, काय नाव?

"आठवत नाही रे," सिदेरिस म्हणाला. "त्यालाही आठवत नव्हतं."

मला 'रे' म्हणाला. फेब्रुवारीत 'उस्ताद' म्हणायचा.

गुरुवारच्या बोटीने जातो. मजुरी राहू दे. ऑगस्टपर्यंत थांबायला नको.

६ जून

बोट गेली.

पिशवी भरून पहाटेच निघालो होतो. वाट मळ्याच्या कडेने जाते. अकराव्या ओळीपाशी एक फालतू फुटवा दिसला, वाकून खुडला. मग दुसरा. मान वर केली तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि पिशवी शेजारी धूळ खात पडली होती. भोंगाही ऐकू आला नाही.

बाई पाण्याचा तांब्या घेऊन बांधावर उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. म्हणाल्या, "दमलास. घरी चल." एकेरीत. आणि मी गेलो.

१९ जुलै

आणखी दोन बोटी गेल्या. तेच.

पोपीची पत्रं येतात. वाचतो, पुन्हा वाचतो. तिच्या आईचा चेहरा डोळ्यांसमोर येत नाही. आर्गिरोचा येतो, तरुणपणचा, जो मी कधी पाहिलेला नाही —

विचार करायचा म्हणजे डोंगर चढायचा. तरी केला. तो नवा वेल म्हणजेच मी आहे. माझंच रक्त त्या चरात आहे. तो जगतोय तोवर मी इथून हलत नाही. उपाय माझ्या कामातलाच आहे. जोडकाडी तोडायची. अजून वर्षही झालेलं नाही, मुळं धरलेली नसणार. चार दिवसांत मरेल. मेला की मी सुटलो. बाप्तिस्म्याला महिना आहे.

२२ जुलै

तोडली. भर दुपारी, उजव्या हाताने.

आर्गिरो बांधावरून बघत होती. अडवलं नाही. उलट चेहऱ्यावर — सुटल्यासारखं काहीतरी —

२७ जुलै

पाचवा दिवस. एक पान मलूल नाही. ऊन भट्टीसारखं, आईवेल सुकत चालला आहे, हा मात्र हिरवागार. खाली उकरून पाहिलं. मुळं — हातभर. मनगटाएवढी जाड.

तो मरावा म्हणून तोडली. मुळं धरल्यावर तोडली तर मरत नाही. आईपासून सुटतो, एवढंच. तीस हिवाळे हे काम केलं, आणि मी —

मुलीचं नाव इथे लिहून ठेवतो. पोपी. पोपी. पोपी.

९ ऑगस्ट

द्राक्षांची तोडणी सुरू. पाठ मोडली. पत्र आलं आहे, झानिस नावाच्या कोणाला. परत पाठवायला सांगितलं.

वहीत पोपी असं तीनदा लिहिलंय. कोण —

२१ ऑगस्ट

तोडणी संपत आली. माल चांगला आहे.

दुपारी पिरेयसहून एक बाई आली, कडेवर पोर. छाटणीवाल्या झानिसला शोधत होती. मी सांगितलं, तो वसंतातच गेला. ती माझ्याकडे बघत राहिली आणि रडू लागली. मी सावलीत बसायला सांगितलं. तिने माझा उजवा हात धरून अंगठ्यावरचा व्रण पाहिला. कशाचा तो, मला आठवत नाही. मग पोराने तोच अंगठा मुठीत धरला. सोडेना.

आर्गिरोने ओट्यावरून हाक मारली, "याकोवोस, जेवायला ये."

अंगठा सोडवून घेऊन मी निघालो. मागे त्या बाईने पोराला समजावलं, "जाऊ दे, झानिस. चल."

मी थांबलो. मागे वळलो. नाव पोराचं होतं, आणि वळलो मी — का —

ती अजून बांधावर बसली आहे. खिडकीतून दिसते आहे. लेखणी उजव्या हातात घेतली आहे, अक्षर वाकडं येतंय पण ओळखीचं आहे. आर्गिरो जिन्यावर. घाई केली पाहिजे. पोपी, थांब, जाऊ नकोस, मी इथेच आहे, माझं नाव