मागच्या खोलीतली डबी

घाटकोपर,
शनिवार, १८ जानेवारी २०२५

चि. जान्हवी बाय,

तुला आणि पोटातल्या त्या लाथाळ्याला आजीचे पुष्कळ आशीर्वाद. मी चौथीपर्यंतच शिकलेली, अक्षराला हसू नको. मी बरी आहे. खोकला आहे, तो नेहमीचाच.

आठवा लागला ना गो! मला तर आनंदाने जेवण जात नाही. जुनी लुगडी फाडून दुपटी शिवली, अळीव आणले, डिंक आणला. शेजारचा शिवदास म्हणतो, "आजी, बाळंतपण नातीचं की तुमचं?" मेला वात्रट! तुझी आई असती तर तिनेही हेच केलं असतं.

मागची खोलीपण तयार केली. खिडकी बंद करून फटींत कापडं कोंबली, बाळंतिणीला वारा लागता कामा नये. तुझ्या वेळी तुझी आई तिथेच चाळीस दिवस निजली. आजोबांची खाटही तिथेच. त्यांनी जन्मात बिडी ओढली नाही, तरी फुप्फुसांचा फोटो बघून डॉक्टर विचारायचा, "बाबा, दिवसाला किती?" असो. ते आता कशाला.

हां, तुझ्या प्रांजलरावांना हवा होता तो कागद आला. दसऱ्याला कॉलेजची संघमित्रा आपल्या चाळीत घरोघर डबी टांगून गेली होती ना, खडकातून घरात येणारा वायू मोजायला. रेडॉन म्हणतात. त्याला वास नाही, रंग नाही, पण म्हणे फुप्फुसं पोखरतो. तीन महिने डबी हलवू नका म्हणाली होती. शंभराच्या आत आकडा म्हणजे चांगलं. आपला अठरा! मी चाळभर पेढे वाटले.

शिवदासचा चारशे दहा आला. त्याची आणि आपली मागची भिंत एकच, डोंगराचा खडक. पेढा खाताना म्हणतो, "आजी, तुमचा वारा काय जुहूहून येतो काय?" सगळे हसले. मीपण हसले. घरात आले आणि दाराला कडी लावून घेतली.

जानू, फोनवर तुझा आवाज ऐकला की जीभ अडते, म्हणून लिहिते. ती डबी मी दुसऱ्याच दिवशी काढली होती. प्रांजलराव म्हणाले होते ना, "आकडा चांगला आला तरच पाठवतो." मला वाटलं, एका डबीपायी तुझं माहेर बुडतंय. मी ती बाहेर तुळशीवर टांगली. संघमित्रा न्यायला यायच्या सकाळी परत आत लावली. अठरा हा तुळशीचा आकडा आहे गो, खोलीचा नाही.

काल तिला खरं सांगितलं. ओरडली नाही. खोलीत जाऊन कापडं एकेक ओढून काढली, खिडकी उघडली. मग विचारलं, "इथे झोपतं कोण?"

"मी. पस्तीस वर्षं."

तिने नवी डबी टांगली आणि मला दवाखान्यात घेऊन गेली. नवा आकडा यायला तीन महिने. तोवर तुझं बाळ महिन्याचं होईल.

तू येऊ नकोस. नाशिकलाच राहा. प्रांजलरावांना हे पत्र दाखव, मला राग नाही. सहदेव नाशिकला येतोय, दुपटी त्याच्याकडे देते. ती त्याच खोलीत होती, दोनदा धुऊन उन्हात घाल.

मीच आले असते तुझ्याकडे. पण आज डॉक्टरने माझा फोटो उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "आजी, दिवसाला किती?"

खिडकी उघडी ठेवून बसलेली,
तुझी आजी