फुगाप्पाचा वर्षावास

२१ जुलै १९८६, आषाढ पौर्णिमा

...आणि तेव्हा मी भाकरी थापत होते. अंगण झाडून झालं होतं, दोन घागरी भरल्या होत्या, पिठलं चुलीच्या कडेला गरम होत होतं. हे नाल्यावरून आले की माशाच्या टँकमध्ये गोगलगाय टाकायचे आणि मधल्या खोलीतून 'कट' असा आवाज यायचा, अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा. तो आला की साडेसात वाजले समजायचं आणि ताट वाढायला घ्यायचं. त्या सकाळी एक भाकरी झाली, दुसरी झाली, पाचवी झाली. कट आला नाही. शेजारच्या रानातला काशप्पा आला, धावत. नाल्याच्या दगडावर हे बसल्या जागी गेले होते. हातात डबा होता. झाकण नीट लावलेलं होतं, आतल्या गोगलगाई सगळ्या जिवंत.

याला पाच महिने झाले. आज वही काढायचं कारण वेगळं आहे. आजपासून वर्षावास. विहारात तीन महिने रोज संध्याकाळी धम्माच्या पुस्तकाचं वाचन, आणि वाचणार मी. आमच्या मंठाळ गावात माझ्या वयाच्या बायकांत बोट न ठेवता वाचणारी मी एकटीच. शाळेत गेले नाही, किराणाच्या पुड्यांचे कागद वाचत शिकले. वाचायचं म्हणजे पाळायलाही पाहिजे. म्हणून नेम केला: तीन महिने या घरात एकही जीव मारला जाणार नाही. यात मासा आला.

मासा यांचा. हे गुलबर्ग्याला कॉलेजच्या लॅबमध्ये अटेंडंट होते. आठ वर्षांपूर्वी हैदराबादहून पिशवीत घालून आणला, सुपारीएवढा. दुकानदार म्हणाला होता, एवढाच राहतो. आता वीत आणि चार बोटं झाला आहे. चार फुटी टँक जिथे आहे तिथे खाट बसली असती. चिडला की फुगतो. वर दोन, खाली दोन दात, आणि ते वाढतच राहतात. रोज कवच फोडलं नाही तर तोंड उघडेनासं होऊन उपाशी मरतो, असं हे सांगायचे.

हे गेल्यापासून गोगलगाई कोंडाअक्का आणतात. यांची थोरली बहीण, शेजारचं घर. माशाला फुगाप्पा हे नाव त्यांचंच. उद्यापासून ते बंद. भिजवलेले हरभरे घालणार. हरभराही टणकच असतो.

मी नाल्याकडे जात नाही, त्याचा या नेमाशी संबंध नाही. मला तिकडे काम नसतं, एवढंच.

२२ जुलै

दहा हरभरे टाकले. त्याने एक तोंडात घेतला, एक डोळा माझ्याकडे आणि दुसरा दाराकडे फिरवला, आणि थुंकला. हरभरा काचेवर आपटला. पहिलाच दिवस आहे.

२४ जुलै

अक्कांना नेम सांगितला. म्हणाल्या, "भागे, रविवारी सुकट खातीस न्हवं? मग त्यानं काय पाप केलंय?" मी म्हटलं, सुकट मी मारलेली नसते. "मग त्यानं तरी कुठं तुला मारायला लावलंय? त्याचं तो मारतोय." शिकलेलं माणूस असतं तर समजावून सांगितलं असतं.

३० जुलै

नऊ दिवस. हरभरे फुगतात, तो फुगत नाही. पंप लाईट गेली की बंद, मग मी पळीने पाणी ढवळत बसते. दर चौथ्या दिवशी बारा घागरी पाणी बदलायचं. नेम माशाचा आणि खांदा माझा.

अक्का आज आपणहून म्हणाल्या, "तू वाचनाला जा. मी बसते हितं. माझे गुडघे दुखायलेत, मला विहारापातूर चालवत न्हाई. तुझे हरभरे मीच घालते." चांगल्या शब्दाचा परिणाम उशिरा होतो, पण होतो.

२ ऑगस्ट

वाचनाहून आले तर टँकमध्ये एक हरभरा नाही. दहाचे दहा संपलेले. अक्का म्हणाल्या, "खाल्ले की गं." मासा काचेपाशी येऊन शेपूट हलवत होता. मी दारात, अक्का टँकपाशी. मला ओळखायला लागला आहे.

१५ ऑगस्ट

आता वीस हरभरे लागतात. पट्टे पिवळेजर्द झालेत. अक्कांची शेळीही यंदा चांगली भरली आहे. पाऊसपाणी बरं झालं की सगळ्या जिवांना लाभतं.

अक्कांच्या पायाला चिखल होता, साडीचा काठ ओला. विचारलं तर म्हणाल्या, अंगणात भरला. चार दिवस पाऊस नाही. म्हातारपणी पाय कुठे भरले ते माणसाला आठवत नाही.

सकाळी घर शांत असतं. भाकरी थापताना मन एकाग्र होतं. फार बरं वाटतं. कालच्या दोन भाकऱ्या करपल्या.

२९ ऑगस्ट

टँकची वाळू धुताना शंखाचा तुकडा सापडला. स्वच्छ, नवा वाटावा असा. यांच्या वेळचाच असणार. टाकून दिला नाही. यांच्या चष्म्याच्या डबीत ठेवला.

७ सप्टेंबर

अंकुशरावांना सांगितलं. ते विहाराचं सगळं बघतात, आणि कानावर पडलेली गोष्ट ते चारचौघांत सांगितल्याशिवाय राहत नाहीत. वाचन संपल्यावर उभे राहिले: मंडळी, भागाबाईंच्या घरी मासासुद्धा पहिलं शील पाळतो, जीव मारत नाही. टाळ्या पडल्या. समाप्तीला, १७ ऑक्टोबरला, सगळे घरी येऊन बघणार, आणि मी दोन शब्द बोलणार. पहिलं वाक्य तयार आहे: "सवय म्हणजे स्वभाव नव्हे." नंतर कॉलेजलाही कळवणार आहे. त्यांच्या पुस्तकांत अशी नोंद नसेल.

२६ सप्टेंबर

अक्का लेकीच्या बाळंतपणाला निंबर्ग्याला गेल्या. शेळी माझ्या दारात बांधली आहे. बसमध्ये चढताना म्हणाल्या, "मी येस्तोवर त्याला उपाशी मारू नगंस. भीमाचा डबा माझ्या वळचणीला हाय." मी म्हटलं, यांचा डबा कशाला, हरभरे माझ्या घरी आहेत. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग कंडक्टरने दार लावलं.

३० सप्टेंबर

चार दिवस काही खाल्लेलं नाही. पाण्याला वास येतो आहे. अक्कांची आठवण येत असेल. नाही तर उपोसथाचा उपास धरला असेल.

५ ऑक्टोबर

पट्टे राखेसारखे झाले. वाळूवर पडून असतो. ध्यानाला बसल्यासारखा. हरभऱ्याची साल काढून टाकला, वाटून गोळी करून टाकली, भात दाखवला. उठला नाही.

११ ऑक्टोबर

दात ओठांबाहेर दिसायला लागले. हसल्यासारखा दिसतो.

संध्याकाळी साडेपाचला, मी वाचनाला निघायच्या वेळेला, शेळीने दावं सोडवलं, थेट मधल्या खोलीत आली आणि टँकपुढे उभी राहून ओरडू लागली. हलेना. शेळीला मासा इतका आवडतो हे आजच कळलं. शेवटी पाण्यातले हरभरे काढून तिला घातले तेव्हा गेली.

१४ ऑक्टोबर

सकाळी अक्कांच्या वळचणीचा डबा घेतला. नुसता घासून ठेवावा म्हणून. घासता घासता नाल्याच्या वळणापर्यंत गेले. तिथून दगड दिसतो. चुलीवर दूध उतू जाईल म्हणून परत फिरले. घरी आल्यावर आठवलं, आज दूध घेतलंच नव्हतं. डबा परत वळचणीला ठेवला.

मासा एका अंगावर पडला होता. बोट लावलं तर डोळा फिरवला. फक्त एक.

मरायला लागला आहे. हे एकदा लिहून ठेवते, म्हणजे उद्या परत लिहावं लागणार नाही.

१७ ऑक्टोबर, आश्विन पौर्णिमा

समाप्ती झाली. पंधरा-सोळा माणसं घरी आली. अंकुशरावांनी पुढे उभं केलं. मी म्हटलं, "सवय म्हणजे स्वभाव नव्हे." मासा भिंतीकडे तोंड करून पडला होता. कोणीतरी मागून हळूच विचारलं, जिवंत हाय का. अंकुशराव म्हणाले, ध्यानात हाय. ते वाक्य त्यांनी माझ्याकडूनच उचललं होतं. पुढचं भाषण मला आठवेना.

तेवढ्यात अक्का आल्या. खांद्याला पिशवी तशीच, हातात यांचा डबा, पोटऱ्यांपर्यंत चिखल. "सरका," म्हणाल्या. त्यांना बघून तो वाळूवरून उठला. वाकडातिकडा, पण उठला, आणि काचेला तोंड लावून शेपूट हलवायला लागला. हे आत आले की हलवायचा तशी. अक्कांना. मला नाही.

अक्कांनी सगळ्यात लहान, पातळ कवचाची गोगलगाय निवडून आत सोडली. दोनदा त्याच्या तोंडातून सुटली. तिसऱ्यांदा कट.

 अंकुशराव चष्मा पुसत राहिले.

अक्का म्हणाल्या, "मीच घालायले होते. रोज. तू विहारात वाचायलीस, म्हणून काय बोलले न्हाई. हरभरे शेळीनं खाल्ले."

अंकुशराव म्हणाले, "म्हणजे शील शेळीनं पाळलं म्हणा की." सगळे हसले. मीही हसले असेन. मग माणसं चहा पिऊन गेली.

नंतर अक्कांना रागावून बोलायचं ठरवलं होतं. माझ्या घरी, माझ्या नेमात, तीन महिने. त्या टँकपाशी खाली बसल्या होत्या. न बघताच म्हणाल्या, "माझा भाऊ गेला तिथं गं. मला काय तिथं जायची हौस हाय? ह्याला खायला लागतं म्हणून जायले. तू कामून जात न्हाईस, मला ठावं हाय. त्यात ह्या बिचाऱ्याला कशाला उपास?"

मी म्हटलं, नेमाचा आणि त्याचा काही संबंध नाही. हे मी वहीतही लिहिलं आहे.

अक्का म्हणाल्या, "बरं." आणि दुसरी गोगलगाय सोडली.

कट आला. माझा हात फळीवरच्या ताटाकडे गेला. दोन ताटं काढली होती. एक अक्कांना वाढलं.

१९ ऑक्टोबर

वर्षावास सतरा तारखेला संपला, त्यामुळे माझा नेम मोडला, असं म्हणता येणार नाही. हे नीट नोंदवून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापायच्या आधी मी यांचा डबा घेतला, नाल्यावर गेले, त्या दगडावर थोडी बसले आणि आठ गोगलगाई घेऊन आले.