उजव्या हाताचा नवस

मी केसरीनाथ गोविंद पोतदार, वय सत्तरीच्या आसपास, धंदा सोनारकाम, राहणार भिवंडी, जिल्हा ठाणे, राजीखुशीने हे मृत्युपत्र सांगतो. लकव्याने माझा उजवा हात गेला आहे, डोके नाही. म्हणून लिहिणारे शेजारचे रामदास मास्तर आहेत, शब्द माझेच.

माझे काम नवसाच्या अवयवांचे. कोणाचा डोळा, कान, पाय बरा झाला की तसाच चांदीचा करून लोक गावदेवीला वाहतात. पुजारी ते ओवून देवीच्या गळ्यात घालतो. असा दागिना मुंबईच्या कुठल्या शेठाणीकडे नाही.

१. राहते घर धाकटा मुलगा रघू आणि वारलेल्या थोरल्या विठूची बायको तुळजा यांना निम्मेनिम्मे. तुळजाला माहेरी, वळ गावाला धाडायची भाषा पुन्हा कोणी काढू नये.

२. भट्टी, ऐरण, हातोड्या व सर्व ठसे तुळजाला. रघू म्हणतो, "बाईमाणूस भट्टीवर बसलं तर लोक काय म्हणतील?" म्हणोत. मास्तर, हे तसेच लिहा. रघूलाही मी शिकवले होते. ठशात उजवा हात कोरला की पत्र्यावर डावा उठतो, एवढे त्याच्या डोक्यात शिरले नाही. पूर्णा गावच्या ठमाबाईचा उजवा हात बरा झाला आणि याने तिला डावा करून दिला! "आता देवीनं माझा चांगला हात मोडायचा काय?" म्हणून ती दुकानात ओरडली. तुळजाने तेव्हाच डावा कोरून उजवा काढून दिला. रघू कापडाच्या लूमवर गेला ते बरे झाले. तिथे तो चांगला कामगार आहे, हेही लिहा.

३. माझा हात गेला तेव्हा तुळजा नवस बोलली, "मामंजींचा उजवा हात परत दे, चांदीचा वाहीन." तिने तो आधीच घडवला, माझ्या वाकड्या करंगळीसकट. माझा हात काही उठला नाही. रघू म्हणतो, "नवस फळला न्हाय, आटवून टाक." ती आटवत नाही, आणि वाहायचा तिला धीर होत नाही. यावरून घरात रोज भांडण.

माझा निकाल असा, की नवस फळला आहे. तेव्हापासून भट्टीसमोर बसून जो काम करतो तो माझाच उजवा हात. त्याचे नाव तुळजा.

म्हणून माझ्या तेराव्यानंतर रघूने स्वतः तो चांदीचा हात देवीला वाहावा आणि पुजाऱ्याला मोठ्याने सांगावे, "बाबांचा उजवा हात परत आला." सांगितले नाही, तर त्याचे निम्मे घरही तुळजाचे.

मास्तर अंगठा द्या म्हणतात. नाही, सही करतो. डाव्या हाताची आहे, वाकडी येईल.

केसरीनाथ गोविंद पोतदार

आमच्यादेखत सही केली :
१. अनंता धर्मा पाटील
२. जानू सखाराम भोईर

लिहिणार : रामदास मास्तर
मुक्काम भिवंडी, १७ ऑक्टोबर १९७४