खुणेपर्यंत औषध

शनिवार, १० जानेवारी १९५९. मालवण

आचऱ्याच्या शाळेतून दुपारी घरी. ह्यांनी मुंबईहून बोटीने बाबीचं औषध पाठवलंय, मुडदुसावरचं. खोकंभर बाटल्या, ओळखीतून. रोज दोन थेंब, डॉक्टरांनी दोनदा बजावलं. तीन वर्षांची पोर, पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले. मुंबईच्या काळोख्या खोलीचा प्रसाद. सोमवारी तिला सासूबाईंच्या स्वाधीन करून परत आचऱ्याला. नोकरी सोडून कसं भागेल?

शनिवार, ३१ जाने.

बाबी किरकिरी. जेवण टाकलंय. सा.बा. म्हणतात दृष्ट. मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. औषध चालू आहे ना, विचारलं. "सकाळी उठल्यार पयला तांच!"

शनिवार, १४ फेब्रु.

दारातच पाहिलं. पोर वाळून काटकी. ओकाऱ्या, शौचाला खडा, सारखं पाणी, सारखी लघवी. हाक मारली तर मान वळवेना. तशीच उचलून दवाखान्यात.

डॉ. नी पहिलं विचारलं, औषध किती देता? मी म्हटलं, दोन थेंब. सा.बा.नी पदराखालून बाटली काढली. "खुणेपर्यंत."

खोकल्याच्या मिक्श्चरची जुनी बाटली! कंपाउंडर कातरलेली कागदाची पट्टी चिकटवतो ना, एक खूण एक डोस, ती. थेंब सोडायची काचनळी फुटली, म्हणून मुडदुसाचं औषध हिच्यात ओतलं. रोज एक खूण. वर मुशी माशाच्या काळजाचं तेल, ताकदीला.

"दोन थेंबांनी चेडवाची हाडां कशी सरळ होतली?"

डॉ. कपाळाला हात लावून बसले. हे अंगात साठतं, म्हणाले, मग रक्तात चुना चढतो, तो मूत्रपिंडांना धरतो. औषध बंद, तेल बंद, दूध बंद, उन्हात नेऊ नका. पाणी पाजा.

रविवार, १५

"मी काय तिका वीख दिलंय गो?" म्हणून सा.बा. रडतात. दिलंत! मायेनं दिलंत, म्हणून तर शिव्याही देता येत नाहीत. मेलं असलं प्रेम.

शुक्रवार, २०

शाळेतून रजा घेतलीय. ह्यांचं पत्र. आई अडाणी, पण तू शिकलेली ना? घरी असतीस तर... वा! पैसे हवे होते तेव्हा हे कुठे होतं? पत्र चुलीत घातलं.

रविवार, २२

ओकाऱ्या थांबल्या. डॉ. नी लघवी पुन्हा तपासली. मूत्रपिंडं सावरतील ना? "आत्ताच सांगता यायचं नाही." मोठ्या इस्पितळात न्या म्हणतात.

संध्याकाळी पाणी पाजायला गेले तर बाबीने तोंड फिरवलं. "आजी होयी." माझ्या हातचं नाहीच घेतलं. सा.बा. उंबऱ्यात उभ्या, पुढे यायची हिंमत नाही त्यांची. शेवटी मीच पेला त्यांच्या हातात दिला. पोर गटागटा प्यायली. मी तिथेच उभी, पेल्यावरची नजर काढवेना.