बुटकं स्टूल

४ फेब्रुवारी

आज कुरळ्याने बबडीच्या गालाला कडकडून चावा घेतला. असलं काही आईबापांना सांगायचं काम या पाळणाघरात इतकी वर्षं माझं. संध्याकाळी दाराकडे निघाले, तर मोठ्या बाई म्हणाल्या, "मावशी, राहू दे. ती सांगेल." ती म्हणजे नवी. मी तिला गोडबोली म्हणते — मनातल्या मनात.

तिची तऱ्हा पाहिली. दारात काही बोलत नाही. आत नेते, आईला मोठी खुर्ची, स्वतः मुलांच्या बुटक्या स्टुलावर. पाणी देते. मग पहिल्याच वाक्यात खरं काय ते. "बबडीला आज एका मुलाने चावलंय. आता ती बरी आहे." माझ्यासमोर त्या आईने घर डोक्यावर घेतलं असतं. हिचे आभार मानून गेली!

५ फेब्रुवारी

नव्याची नवलाई. दुसरं काय.

१२ फेब्रुवारी

खिडकीजवळचं बाळ हाकेला वळत नाही, हे आधी मी ओळखलं. मी! सांगायला बसली ती. त्याची आई तिच्या खांद्यावर रडली, आणि मी दाराआड दुपटी घडी करत उभी. जळते मी. हो, जळते. या वहीत कुणापासून लपवू?

१९ फेब्रुवारी

मुलं कमी झालीत. दोन खोल्यांची एक होणार, एका बाईला जावं लागणार. माझं वय, माझे गुडघे, माझं तोंड — कोण जाणार हे सांगायला ज्योतिषी नको.

२१ फेब्रुवारी

दुपारी मुलं झोपली. गोडबोलीने माझ्यासाठी मोठी खुर्ची ओढली. स्वतः बुटक्या स्टुलावर बसली. पाण्याचा ग्लास पुढे केला. मी तो तसाच खाली ठेवला.

"मावशी, मी जातेय. मीच बाईंना म्हटलं. मला कुठेही काम मिळेल."

आभार मानायला हवे होते. मोठेपणातसुद्धा हीच पुढे! वर म्हणते कशी, "पालकांना मात्र तुम्हीच सांगा."

२४ फेब्रुवारी

सांगितलं. स्टुलावर बसले, गुडघे कुरकुरले. पाणी दिलं. पहिल्याच वाक्यात, "उद्यापासून नव्या बाई येणार नाहीत."

बबडीची आई म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही जाताय."

"मलाही," मी म्हटलं.