चाळीस मिनिटांत उत्क्रांतीचा निकाल

६ जुलै, रविवार.
उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी थांबवून घेतलं. सप्टेंबरात बीडला जिल्ह्याचं ख्रिस्ती संमेलन आहे. तिथं ‘उत्पत्ती खरी, उत्क्रांती खोटी’ यावर मी बोलावं, म्हणाले. चाळीस मिनिटं! परळीच्या मंडळीतून आजवर कुणालाच एवढा वेळ मिळालेला नाही. साहजिक आहे. दहावीला विज्ञान शिकवणारा आणि बायबल कोळून प्यालेला माणूस इथं मी एकटाच.

७ जुलै, सकाळी.
ठराव: ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे प्रकरण वर्गात शिकवायचंच नाही. नोकरी गेली तरी बेहत्तर.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
मुख्याध्यापक अर्जुनराव म्हणाले, बोर्डाला त्यावर प्रश्न येतात. नोकरी जायला नको. पण माघार नाही. नवा ठराव: शिकवायचं, पण एकेका मुद्द्याची चिरफाड करत.

११ जुलै.
कार्बन डेटिंग. खोटं पाडायचं तर आधी ते आहे काय, हे मुलांना कळायला हवं. दोन तास त्यातच गेले. सोमलिंगला तरीही कळेना, म्हणून मधली सुट्टीही घेतली. शेवटी कळलं. खोटं पाडायला वेळ उरला नाही. उद्या.

१२ जुलै.
आज बदकचोच्या प्राणी, म्हणजे प्लॅटिपस. म्हणे सरपटणारे आणि सस्तन प्राणी यांच्यामधला दुवा! कसला दुवा? थर्मल वीजकेंद्राची राख खिडकीतून आत येऊन फळा पांढरा होतो, आकृती तीनदा काढावी लागली. पुस्तकातल्यापेक्षा सरस आली. मुलांनी वहीत उतरवून घेतली. चिरफाड राहिली.

१८ जुलै.
पुस्तक म्हणतं, कानाचे स्नायू माकडाला उपयोगी, माणसाला निरुपयोगी. देवानं कुणाला काही उगाच दिलेलं नाही! भर वर्गात माझे दोन्ही कान हलवून दाखवले. लहानपणापासून येतं मला. मग सद्दामनं विचारलं की सर, मंग तुमी अजून माकडाच्या जवळ हाय का. त्याला बाहेर काढला. बाकीचे तास संपेपर्यंत हसत होते. मुद्दा मात्र जन्मात विसरणार नाहीत.

१४ ऑगस्ट.
घटक चाचणी तपासली. उत्क्रांतीच्या प्रश्नाला अठ्ठेचाळीसपैकी सत्तेचाळीस जणांना पैकीच्या पैकी. सोमलिंगलासुद्धा. वर्गात सरळ विचारलं, तुम्हाला हे खरं वाटतं का? रुद्राणी उठून म्हणाली की सर, तुमी लई जीव तोडून शिकवलं, न पटायला काय झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. चांगलं शिकवतो, हाच माझा दोष. तालुक्यातल्या शिक्षकांना हे प्रकरण शिकवून दाखवायला अर्जुनरावांनी माझं नाव दिलंय. ठाम नकार देणार होतो, तेवढ्यात चहा आला.

३० ऑगस्ट.
भाषण लिहायला बसलो. विरोधकांचे मुद्दे: अकरा पानं, आकृत्यांसह. आपली बाजू: एक ओळ. ‘देवानं केलं.’ पुन्हा वाचली. बरोबर आहे. तिच्यापासून तसूभरही हटणार नाही. पण कितीही सावकाश वाचली तरी तिला चाळीस मिनिटं लागत नाहीत.

३१ ऑगस्ट, रविवार.
पाळकसाहेबांना सांगितलं, मला दोन मिनिटं पुरतील. त्यांना हायसं वाटलं. बीडचे एक डॉक्टर कधीपासून वेळ मागत होते, चाळीस मिनिटं त्यांना दिली. माझ्याकडे आभारप्रदर्शन.